श्रावणातलं कोरडं मीठ

१

चोरी झाली मिठाच्या बरणीतून, आणि तपासाला बोलावणं आलं ते डॉक्टरनं मीठ तोडलेल्या माणसाला.

याकूब सरखोत, निवृत्त हवालदार, राहणार रोहा. रक्तदाबापायी मीठ बंद, मधुमेहापायी साखर बंद. आणि या दोन्ही बंद्यांची अंमलबजावणी बायको साबिरा अशा कडक हातानं करी, की उभ्या नोकरीत याकूबनं तसा बंदोबस्त पाहिला नव्हता. माणसाच्या ताटात गोड नाही, खारट नाही, मग उरतं काय? आंबट तोंड. ते मात्र याकूबकडे शिलकीत होतं.

नव्याण्णव सालच्या श्रावणातली सकाळ. अळणी भाकरीचा घास घशात फिरत असताना दारात शिवा येऊन उभा राहिला. गडबच्या काळुराम मुकादमाचा धाकटा. पहिल्या एस्टीनं आलेला, अंगावर कालचाच सदरा.

"चाचा, आयची सोन्याची माळ गेली. आय बोलतंय सगुणावैनीनंच घेतली. चारच्या गाडीनं तिला माहेरी जोह्याला धाडायची, ती पण कायमची. बाबा बोलला, याकूबभायला घेतल्याबिगर घरात पाय ठेवू नको."

"तुझा दादा काय म्हणतो? तिचा नवरा?"

"रघूदादा? गप हाय."

"वा! नवरा गप, सासू बोलतेय, आणि निकाल द्यायला मी. पोलीस चौकी कुठं वाहून गेली का तुमची?"

"बाबा बोलला घरातली अब्रू चौकीवर कनाला न्यायची?"

याकूबनं भाकरी बाजूला सारली. काळुराम मिठागराचा मुकादम होता तेव्हापासूनची दोस्ती. ते मिठागर बंद पडलं तरी दर चैत्रात गडबहून शेजारच्या आगरातल्या मिठाची एक गोण रोह्याला येतच राहिली होती. खाल्ल्या मिठाला जागणं आलं. आता खायची बंदी असली तरी जुनं देणं कुठं जातंय?

साबिरानं अळणी भाकरीचा डबा हातात दिला. "आणि तिकडं गोड चहा पिऊ नका. प्यालात तर मला तोंडावरून कळतं."

"तूच का नाही जात तपासाला?" याकूब म्हणाला, आणि छत्री उचलून निघाला.

२

गडबला काळुरामच्या बायकोनं, काशीबाईनं, पहिल्यांदा काय केलं असेल, तर चहा पुढं ठेवला. साखर अशी मुक्त हस्तानं घातलेली, की चमचा उभा राहावा.

"वहिनी, मला साखर चालत नाय."

"मंग मीठ घालू?"

याकूबनं कप बाजूला सरकवला आणि मुद्द्याला हात घातला. माळ ठेवली कधी?

"आखितीला. लगीनसराई सरली, मी माळ पिलास्टिकात गुंडालली, बरणीच्या तळाला घातली, वरनं मीठ दाबलं. आमचंच मीठ, चैताची गोण आलेली त्यातलं. वर फडका बांधला नी माळ्याखाली सारली. रोजचं मीठ येगलं, त्या मडक्यात. बरणीला कोन हात लावत नाय."

"दागिना मिठात? लोक साखरेच्या डब्यात ठेवतात."

"लोक खुळे हायेत!" काशीबाई उसळली. "साकरंला मुंग्या लागतान, पोरा लागतान, पावणा लागतो. मिठात हात घालाया कोन येतंय?"

पोलीस खात्यालाही हे सुचलं नसतं.

"परवा काढाया गेले. म्हटलं नारळी पुनवंला घालीन. फडका सोडला, हात घातला, तो पार कोपरापत्तुर आत गेला. तळ लागला, पन माळ नाय!"

"जागा कुणाकुणाला माहीत होती?"

"मना नी तिला." काशीबाईनं हनुवटीनं मागच्या दाराकडे दाखवलं. तिथं सगुणा भांडी घासत बसली होती. पोट दिसू लागलेलं, मान खाली. जवळ पायरीवर एक कापडी पिशवी भरून ठेवलेली. "मी मेले तर कोनाला तरी म्हायत पायजे, म्हणून सुनंला सांगितली. लेकीला नाय सांगितली, सुनंला! आनि तिनं ह्ये पांग फेडले."

"घर कधी रिकामं होतं?"

"कदीच नाय. आषाढात लेकीच्या, पुतळीच्या पोराचं बारसं झालं रोह्याला, तवा आमी गेलतो, मी, ह्ये नी शिवा. चार दिस र्‍हायलो. रघूला शिफ्ट, तो नाय आला. ही होती की घरात. काय बरकत नाय त्या बारशापासून! परत येतंय तं मागचा कारल्याचा वेल पार जळलेला. भर पावसात, याकूबभाय! त्या शेजारच्या जनीची नजर. आदल्याच दिशी बोललेली, कारली काय लागलीत गो तुमची. एक रघूचं तेवढं चांगलं झालं. कंपनीत पर्मनंट झाला, आख्ख्या वाडीत साकर वाटली. जनीला पन दिली, मूठभर जास्तच."

ओटीवरून काळुराम खाकरला. "काशे, माळंचं बोल. कारली कनाला सांगतंस?"

"तुमी गप बसा. तुमाला काय, सोनं बायलीचं, मीठ बायलीचं, तुमची निस्ती बिडी!"

याकूब कपाळ दाबत उठला. त्याच्या अनुभवात दोन प्रकारचे साक्षीदार असत. एक काहीच सांगत नाही, दुसरा सगळंच सांगतो. पहिला परवडतो; दुसऱ्याच्या टोपलीत कामाचा मासा कुठला, हे शोधता शोधता पेन्शन निघते.

तो बरणीपाशी गेला. चिनीमातीची, गुडघ्याएवढी. बाही वर सारून त्यानं हात घातला. हात सरसर खाली गेला, वाळूत जावा तसा. बाहेर काढून झटकला, तर मीठ झडून गेलं, बोटं कोरडी.

त्यानं पुन्हा हात घातला. पुन्हा कोरडा.

"काळुराम," तो ओरडला, "इकडं ये. आणि बिडी विझवून ये."

३

"तुझं मीठ माझ्या घरी रोह्याला येतं," याकूब म्हणाला. "आषाढ लागला की त्याचं काय होतं?"

"काय होनार? पानी सुटतं, गोळा धरतं. दगुड."

"साबिरा बत्त्यानं फोडते. पावसाळाभर शिव्या मला पडतात. आणि तुझ्या घरात, भर श्रावणात, वर नुसता फडका बांधलेल्या बरणीत हात कोपरापर्यंत जातो?"

काळुरामनं चिमूटभर मीठ तळव्यावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, आणि त्याचा चेहरा पडला. "ह्ये आपलं नाय."

"नीट बघून सांग."

"मीठ नाय वळखणार मी? जलमभर त्येच केलाय!"

मुकादमाचा शब्द याकूबला पुरेसा होता, पण काशीबाईला नव्हता. "आंधळ्यानं बघितलं नी बहिऱ्यानं ऐकलं," ती म्हणाली. तेव्हा शिवाला उपकेंद्रावर पिटाळलं आणि नर्स फरझाना आली. घरोघरच्या मिठावर थेंब टाकत फिरायची, म्हणून वाडीनं तिचं नाव 'थेंबवाली बाय' ठेवलेलं. तिच्या पिशवीत बोटभर उंचीची औषधाची बाटली होती.

"आयोडीन असलं तर मीठ निळं-जांभळं होतं," तिनं सांगितलं. "नसलं तर पांढरंच. तुमच्या वाडीत आजवर पांढऱ्याशिवाय काही बघितलं नाही मी, काकी. सांगून सांगून घसा बसला. गळ्याला गाठी येतात, पोटातल्या पोराच्या डोक्याची वाढ खुंटते."

"आमची डोकी काय खुंटली?" काशीबाई म्हणाली.

याकूबला उत्तर सुचलं होतं, त्यानं गिळलं.

फरझानानं आधी मडक्यातल्या मिठावर थेंब टाकला. पांढरं ते पांढरंच. मग बरणीतल्या चिमटीवर. थेंब पसरला, आणि बघता बघता मिठाला जांभळाची शाई फुटली.

"चेटूक!" काशीबाई दोन पावलं मागं सरली.

"पाकिटातलं मीठ आहे हे," फरझाना म्हणाली. "दुकानातलं. यात दमट धरू नये म्हणून काहीतरी घातलेलं असतं, त्यामुळं मोकळं राहतं."

म्हणजे चोरानं माळ नेताना जुनं मीठही नेलं होतं, आणि बरणी पाकिटांनी भरून ठेवली होती. याकूबनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "या घरात पाकिटातलं मीठ कोण आणतं?"

मागच्या दारात भांड्यांचा आवाज थांबला. सगुणा पदराला हात पुशीत आत आली, आपल्या पत्र्याच्या पेटीशी वाकली, आणि साड्यांच्या घडीखालून एक पाकीट काढून याकूबच्या पुढ्यात ठेवलं. आयोडीनवालं. अर्धं सरलेलं.

"घ्या!" काशीबाईचा आवाज कौलांना लागला. "आता तरी बसवा तिला गाडीत!"

४

"मना थेंबवाल्या बायनं सांगितलं," सगुणा हळू आवाजात म्हणाली. "पोटात हाय त्याच्यासाठी. आत्या ओरडल्या असत्या, म्हणून लपवून खाते. आमटी वाढून झाली की माझ्या वाटीत येगली चिमूट."

"आणि माळ?" याकूबनं विचारलं.

"मी बरणीला शिवली पन नाय, चाचा."

फरझाना मध्ये पडली. "कधी सांगितलं ते मी सांगते. आषाढात हिला चक्कर आली. मीच पेणला दवाखान्यात नेली. तीन दिवस सलाईनवर होती."

"आषाढात कधी?"

"घरची मंडळी बारशाला गेलेली ना, तेव्हा. हिनंच मला शपथ घातली, सासूला सांगू नका म्हणून."

काशीबाई बोटांवर बारशाचे दिवस मोजू लागली.

याकूब मागच्या दारानं बाहेर पडला. श्रावणात कोकणात जे जळतं ते नवलच. दगडावरसुद्धा शेवाळ फुटतं. आणि इथं, मोरीच्या अंगाला, कारल्याच्या मांडवाखाली हातभर जागा करपलेली. गवत नाही, टाकळा नाही. वळचणीखाली पाऊस पोचत नव्हता तिथल्या जांभ्या दगडावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. इकडंतिकडं बघून याकूबनं त्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

तीन महिन्यांनी पहिलं मीठ! क्षणभर त्याला चोराचे उपकारच वाटले.

मग राग आला. जनीची नजर म्हणे! इथं कुणीतरी बरणीभर खारं पाणी ओतलं होतं. गोळा झालेलं मीठ फुटेना, म्हणून पाणी घालून विरघळवलं, माळ काढली, आणि पाणी मोरीतून वेलाच्या मुळाशी. बारशाला जाताना वेल हिरवा होता, परतताना जळलेला. चोरीची तारीख काशीबाईनं चहाबरोबरच वाढली होती. आपण कारल्यांना कंटाळून ती ऐकली नाही.

पण पाकिटं का? वाडीतल्या घराघरात गोणीतलं मीठ आहे. शेजारणीकडून टोपलीभर आणलं असतं, बरणीत ओतलं असतं, तर आज थेंबानं काय सांगितलं असतं? काहीच नाही. मग शेजारून का नाही आणलं?

शेजारीण कुंपणाशीच उभी होती. जनी. तिनं सकाळपासून तिथं इतक्यांदा केर काढला होता, की अंगण झिजलं असतं.

"जनीबाय, आषाढात तुमच्याकडं कुणी मीठ मागायला आलेलं?"

"मिठाचं काय ध्यानात र्‍हातंय? आज मी देते, उद्या मना देतान. मीठ कोन मोजतो?"

बरोबरच होतं. याकूब वळला. आणि वळता वळता त्याला आपली आई आठवली. उंबऱ्यात आडवी उभी राहून शेजारच्या पोराला परत धाडणारी. दिवेलागणीनंतर मीठ घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. हिंदू असो, मुसलमान असो, खाडीकाठच्या कुठल्याही घरात हा कायदा एकच. दिलेलं मीठ कुणाला आठवत नाही. पण अवेळी मागितलेलं?

"दिवा लागल्यावर कुणी मागितलं होतं?"

जनीचा खराटा थांबला. "व्हय गो बाय!" ती स्वतःलाच म्हणाली. "आलेला की. टोपली घेऊन. मी बोलले, लाज नाय वाटत? दिवा लागल्यावर लक्ष्मी बाहेर काढतंस माझी? हाकलला त्याला."

"कुणाला?"

जनीनं नाव सांगितलं. याकूब तिथंच मोरीच्या दगडावर बसला. नाव मनात आधीच येऊन ठेपलं होतं; तरी ते खोटं निघावं असं त्याला वाटत होतं.

५

पहिली शिफ्ट संपवून रघू घरी आला तेव्हा ओटीवर सगळे बसले होते. सगुणा पिशवी घेऊन खाली अंगणात उभी होती. रघूच्या अंगावर कंपनीचा निळा सदरा, खिशाला लावलेलं नवं ओळखपत्र. त्यानं बायकोकडे बघितलं नाही.

"ये बाबा," याकूब म्हणाला. "तुझ्याचसाठी थांबलोय. मला चार वाजता एस्टी आहे आणि सकाळपासून पोटात अळणी भाकरी, तेव्हा मधे बोलायचं नाही कुणी. वहिनी, खास करून तुम्ही."

काशीबाईनं पदर तोंडाला लावला.

"माळ गेली ती बारशाच्या दिवसांत. वेल त्याची साक्ष देतो. त्याच्या मुळाशी बरणीचं मीठ गेलं. त्या दिवसांत सगुणा पेणला दवाखान्यात. काळुराम, वहिनी, शिवा रोह्याला. आता चोर कसा होता ते बघा. त्यानं मिठात पाणी ओतलं. मिठागरात जन्म गेलेला काळुराम असं करील? खाडीत उडी मारील, पण मिठात पाणी घालणार नाही. घरातली बाई करील? तिला ठाऊक असतं की भरल्या बरणीला बाहेरून हळूहळू थापट्या मारल्या की गोळा सुटतो. हा स्वयंपाकघरात फक्त जेवायला येणारा माणूस."

शिवा हसायला गेला आणि बापाचा चेहरा बघून थांबला.

"पुढं. बरणी भरायला मीठ हवं. बाईमाणूस असती तर दिवसाउजेडी शेजारून टोपलीभर आणलं असतं. कुणी विचारलं नसतं, कुणाला आठवलं नसतं. पण हा त्या दिवसांत ओव्हरटाइम करून अंधार पडल्यावर घरी येतो. दिवा लागल्यावर मीठ मागायला जातो. जनीबाय हाकलते. मग हा हायवेवरच्या दुकानातून पाकिटं आणतो नी ओततो. मीठ म्हणजे मीठ, त्यात काय बघायचं?"

"पन जागा म्हायत नव्हती त्याला!" काशीबाईला राहवलं नाही. "मना नी सगुणालाच..."

"वहिनी, तुमची सून नवऱ्याशी बोलते. चांगली गोष्ट आहे ती. काय पोरी?"

सगुणानं मान वर केली नाही. "आमी दोघं दागिन्यांचं बोलत होतो एकदा. हसून सांगितली मी. आय सोनं मिठात पुरते म्हणून."

"हे तू सकाळी का नाही सांगितलंस?"

"त्यांचं त्यांनी सांगावं म्हणून."

मग काळुरामनं विचारलं, अगदी शांतपणे, "रघू. आषाढात साकर कसली वाटलीस?"

रघू भिंतीला टेकला. "बाबा, दहा वर्सं कंत्राटात. माझ्या मागनं आलेली पर्मनंट झाली. एक मदला मानूस भेटला, बोलला यादीत नाव घालतो, काय तरी ठेव. माळ त्याच्याकडं हाय, रोह्याला. मी सोडवनार होतो. दिवाळीचा बोनस आला की गुपचूप ठेवली असती. मना वाटलं, आय दिवाळीपर्यंत बरणी उघडनार नाय."

"उघडली. मंग?"

"मंग..." रघू ओळखपत्राशी चाळा करू लागला. "बोललो असतो तं नोकरी गेली असती."

"बायको चालली होती, ती चालली असती?" याकूबचा संयम संपला. "अरे, तीन दिवस हिला चोर म्हणतायत, तू शेजारी बसून भात खातोस! खात्यात मी पाकीटमार बघितले, घरफोडे बघितले. पकडले की निदान दुसऱ्याचं नाव घेत नसत. तू तर नावसुद्धा घेतलं नाहीस. आईनं घेतलं ते राहू दिलंस. फुकटात!"

काशीबाई उठली. ओटीच्या पायऱ्या उतरून सगुणाजवळ गेली, तिच्या हातातली पिशवी धरली. "चल गो. घरात चल. झालं ते झालं. मी म्हातारी, जिभेला हाड नाय. रघूला मी बघते. पोटुशी बाय तू, उभी नको र्‍हाऊ."

सगुणानं पिशवी सोडली नाही.

"आत्या, सकाळी ही पिशवी तुमी भरलीत. माझी लुगडी कशीतरी कोंबलीत. मघाशी मी ती परत काढली नी नीट घडी घालून भरली. आता ही माझी पिशवी हाय."

"म्हंजे?"

"तुमी हाकलताय म्हणून जात नाय. मी माझी जाते."

रघू पायऱ्यांपर्यंत आला. "सगुणा, ऐक तरी. लोक काय बोलतील?"

"लोक आजपत्तुर चोर बोलले, तवा तुमाला ऐकू नाय आलं?" ती पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत होती. "माळ सोडवून आना. आयच्या गळ्यात घाला. नोकरी र्‍हाते का जाते, ते तुमी बघा. मंग जोह्याला या. पन आंधारात नका येऊ. समद्यांच्या देखत गप बसलात ना? समद्यांच्या देखत या, नी माझ्या भावांच्या म्होरं, त्यांच्या गणपतीच्या कारखान्यातल्या मानसांच्या म्होरं, तुमच्या तोंडानं सांगा की माळ कोनी घेतली. मंग मी येते का नाय, ते तवा सांगेन."

काळुराम ओटीवरून म्हणाला, "जाऊ दे तिला काशे. बरोबर बोलतंय."

काशीबाईचे हात पिशवीवरून गळाले.

हायवेला दोघं आली तेव्हा रिमझिम होती. याकूबनं छत्री सगुणावर धरली आणि स्वतः अर्धा भिजला; चिडायला एक कारण आणखी. सगळ्या गडबमध्ये 'उपकार झाले' असं एक माणूस म्हणालं नव्हतं. पोरगी सुद्धा नाही. ती रस्त्याकडे बघत होती, ओठ घट्ट, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं नाही असं ठरवल्यासारखी.

रोह्याची गाडी आली. चारची, वेळेवर, जशी नको तेव्हा येते. कंडक्टरनं दार उघडून याकूबकडे बघितलं. याकूबनं मान हलवली. गाडी निघून गेली.

"चाचा, तुमची ती शेवटची नाय ना?"

"शेवटून दुसरी असेल. तू गप उभी राहा."

मग समोरून पेणची गाडी आली. याकूबनं पिशवी तिच्या हातातून घेतली, तिला आधी चढू दिलं, आणि ओल्या नोटा पुढं करून कंडक्टरला म्हणाला, "दोन पेण. आणि जोह्याची गाडी तिथून किती वाजता सुटते, ते सांग."